डोमाजी आणि हवेवरची गाडी

अजूनही अधूनमधून एखादी गाडी येऊन थांबतेच. ड्रायव्हर खाली उतरतो, बंद शटरकडे बघतो, मग माझ्याकडे वळून विचारतो, "मिस्त्री कुठं गेले जी?" सुरुवातीला मी नीट सांगायचो, की बाबा, डोमाजी वारले, यंदाच्या उन्हाळ्यात वारले, झोपेतच गेले. आता मला राग येतो. ड्रायव्हरचा नाही, कुणाचा ते मलाही सांगता येत नाही. मी नुसतं "गेले" म्हणतो आणि टायरला पाना लावतो. ज्याला समजायचं त्याला समजतं. परवा एक जण म्हणाला, "मंग कधी येतील?" त्याला काय सांगू, कपाळ?

लाखनीत महामार्गाला लागून माझं टायरचं दुकान आहे आणि माझ्या भिंतीला भिंत लावून डोमाजींचं वर्कशॉप. पाटीवर अजून 'कमानी काम' असंच लिहिलेलं आहे, कारण सुरुवात त्यांनी कमानीवरच केली होती. लोखंडाची पाती भट्टीत लाल करायची, ठोकायची, वाक द्यायचा, पुन्हा गाडीखाली बांधायची. मग रस्त्यावर हवेवरच्या गाड्या दिसायला लागल्या. या गाड्यांना मागच्या अ‍ॅक्सलवर कमानीऐवजी रबराचे मोठे फुगे असतात, आमच्याकडं त्यांना बलून म्हणतात. माल चढला की गाडी दबते, दबली की बाजूचा एक लहानसा दांडा हलतो, दांडा हलला की व्हॉल्व उघडतो आणि बलूनमध्ये हवा जाऊन गाडी पुन्हा आपल्या जागी उठते. माल उतरला की उलट. गाडीनं किती उंच उभं राहायचं हे त्या दांड्याच्या लांबीवर ठरतं. बोटभर इकडं, बोटभर तिकडं. पन्नाशी ओलांडल्यावर डोमाजी नागपूरला एका बसच्या शेडमध्ये पावसाळाभर जाऊन बसले, हे काम शिकून आले आणि मग शेवटपर्यंत त्यांनी हेच बोटभर इकडं-तिकडं केलं.

गाडी आली की ते लगेच तिच्याकडं जात नसत. लांब, रस्त्याच्या कडेला उकिडवे बसत आणि मागून बघत राहत. मुलगी पाहायला आलेल्या मामासारखे. ड्रायव्हर घाईत असायचा. ड्रायव्हर कधी घाईत नसतो? तो म्हणायचा, "मिस्त्री, हात लावा ना जी, मालकाचे फोन येऊन राह्यले." डोमाजी म्हणायचे, "पाहू द्या. ते सांगून राह्यली कुठं दुखते, तुमी मंधात बोलू नोका."

मग पहिला हुकूम सुटायचा तो माझ्यावर. "टायरवाले, हवा पाहा." चाकांतच हवा कमीजास्त असेल तर गाडीची उंची मोजण्यात काही अर्थ नसतो, हे खरं. पण मी सगळी चाकं बघून दिल्यावर हे महाशय स्वतःचं मीटर घेऊन यायचे आणि एकेक चाक पुन्हा तपासायचे. माझ्यासमोर! माझ्या गिऱ्हाइकासमोर! मी एकदा भडकलो. म्हटलं, "डोमाजी, माझ्या मीटरवर भरोसा नाही तर मला सांगता कशाला?"

"मीटरवर आहे जी," ते म्हणाले. "तुमच्यावर नाही."

आमची अशी कित्येकदा बोलाचाल बंद झाली. ती सुरू व्हायची दुपारच्या चहाला. वर्कशॉपच्या मागंच त्यांचं घर होतं आणि चहा घेऊन सायत्रावहिनी यायच्या, त्यांची बायको. आम्ही भांडलो की त्या मुद्दाम दोन्ही कप एकाच ताटलीत ठेवून आणायच्या आणि ताटली आमच्या मधल्या टायरवर ठेवून उभ्या राहायच्या. कोण आधी हात लावतो ते बघायला. त्यांना मूलबाळ नव्हतं. आम्ही दोघंच त्यांची पोरं असल्यासारखं त्या आम्हाला वागवायच्या आणि वर म्हणायच्या, "एक टायर, एक बलून. दोघायच्याही डोक्शात हवाच."

डोमाजींचं घराणं कोहळ्यांचं. तलावाच्या पाळी बांधणारी, पाण्याची वाट ओळखणारी माणसं. गावाकडं भाऊ अजून धानाची शेती करतात. डोमाजींनी शेती सोडली, पण शेतीनं त्यांना सोडलं नाही. त्यांच्या वर्कशॉपची जमीन सिमेंटची होती आणि त्या जमिनीवर त्यांचा फार जीव. गाडी सपाट जागेवर उभी नसेल तर मोजलेली उंची खोटी, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दरवर्षी धानकापणी झाली की ते एक दिवस काम बंद ठेवायचे, जमिनीच्या चारी बाजूंनी चिखलाची लहानशी धुरी, म्हणजे बांध, घालायचे आणि आत पाणी सोडायचे. अगदी धानाच्या बांधीत सोडतात तसं. मग वर मूठभर तूस टाकायचे आणि काठावर बसून बघायचे. धानाचं हलकं तूस, ते पाण्यावर कुठं सरकतं, कुठं थांबतं, कुठं जमीन उघडी पडते. जिथं खोल असेल तिथं खडूची खूण, आणि दुसऱ्या दिवशी तिथं सिमेंटचा हात.

हायवेवरून जाणारे ड्रायव्हर हसायचे. एकानं गाडी थांबवून विचारलं, "काय मिस्त्री, धान लावता काय जी?"

"हाव," डोमाजी म्हणाले. "तुमच्या मालकाले सांगा, रोवण्याले या. मजुरी देतो."

भिंतीवर त्यांच्या बांबूच्या कामट्या टांगलेल्या असत. प्रत्येक जातीच्या गाडीची एक कामटी. कंपनीनं सांगितलेली उंची टेपनं एकदा मोजून घ्यायची, तेवढी कामटी तासायची, टोकाला खाच करायची. मग पुढं टेपचं काम नाही. अ‍ॅक्सलवर कामटी उभी केली आणि चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, खाचेला लागली की झालं. ड्रायव्हर लोकांनी याचं काहीच्या काही करून ठेवलं होतं. कुणी म्हणायचं मिस्त्री काडीनं गाडी उठवते, कुणी म्हणायचं मंतरलेली काडी आहे. डोमाजी ते ऐकून घेत, नाही म्हणत नसत, हो म्हणत नसत. मला मात्र त्याचा फार राग यायचा. म्हटलं, सांगा ना त्यांना की साधा बांबू आहे. ते म्हणाले, "राहू द्या जी. मंतरलेली समजते म्हणून हात लावत नाई."

एका गोष्टीत मात्र त्यांच्याशी थट्टा चालत नव्हती. लोखंडी घोड्या चेसीखाली लावल्याशिवाय कुणी गाडीखाली डोकं घालायचं नाही. डोकंच काय, हातही नाही. बलून म्हणजे रबर, कधीही फुटेल, आणि रबराला काही सांगून ठेवलेलं नसतं. एकदा एक ड्रायव्हर स्वतःच्याच गाडीखाली पडलेला पाना उचलायला वाकला, तर डोमाजींनी त्याला शर्टाला धरून असं मागं ओढलं की बटणं तुटून पडली. मग स्वतःच खाली बसून ती बटणं गोळा केली आणि वहिनींना लावून द्यायला सांगितली. ड्रायव्हर बिचारा बनियनवर चहा पीत बसला.

आमच्या भागातल्या ड्रायव्हरांची एक खोड आहे. गाडी मागून उंच दिसली पाहिजे. दसऱ्याला गाडी धुतली, हार घातला, की लगेच कुणीतरी त्या दांड्याला तार बांधून गाडी वर चढवतो. काहींचं कारण वेगळं असतं. राइस मिलकडं जाताना तलावाच्या पाळीवरून गाडी घासते म्हणून ते उंच करतात. पण परिणाम एकच. बलून पूर्ण ताणला जातो, खालचा शाफ्ट वाकड्या कोनात फिरतो आणि थोड्याच दिवसांत सगळी गाडी थरथरायला लागते.

अशीच थरथरणारी गाडी घेऊन बिसन ड्रायव्हर पहिल्यांदा आला. सिहोऱ्याकडचा माणूस, दिसायला दांडगा, स्वभावानं गरीब, गाडी मात्र दसऱ्याच्या बैलासारखी सजवलेली. डोमाजींनी तार बघितली. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांनी बिसनला कप दिला आणि म्हणाले, "उभे राहा. टाचा उचला. बोटायवर उभे राहा. आता प्या चहा."

बिसन बोटांवर उभा राहून चहा प्यायला लागला. मागून डोमाजींनी त्याच्या खांद्याला हळूच धक्का दिला. चहा अंगावर, बशी जमिनीवर.

"आता टाचा टेकवा. गुडघे थोडे ढिले सोडा." पुन्हा धक्का दिला. बिसन हलला आणि सावरला.

"तुमची गाडी बोटायवर उभी आहे जी," डोमाजी म्हणाले. "खड्ड्यात पाय ठेवाले तिच्याजवळ जागाच नाई राह्यली."

बिसननं आपल्या हातानं तार काढली. त्या दिवसापासून तो या घरचाच झाला. वहिनी सिहोऱ्याच्या, म्हणजे त्याच्या गावची लेक. तो त्यांना बाई, म्हणजे मोठी बहीण, म्हणायचा, तिकडून आला की हेमराजकडचं, म्हणजे त्यांच्या भावाकडचं, काही ना काही आणायचा. कधी लाखोळीची डाळ, कधी बोरं. नसलंच काही तर गावच्या बातम्या.

मग वहिनी आजारी पडल्या. आधी कंबर दुखते म्हणून शेक, मालिश, सगळं झालं. नागपूरला नेल्यावर कळलं की कॅन्सर आहे आणि तो हाडांत उतरला आहे. उपचार झाले, त्यानं काही दिवस बरं वाटलं, मग वाटेनासं झालं. शेवटी डॉक्टरांनी डोमाजींना बाजूला घेऊन सांगितलं, आता त्यांना घरी न्या आणि जिथं त्यांना आवडेल तिथं ठेवा.

नागपूरहून त्यांना रुग्णवाहिकेतून आणलं तेव्हा मी इथं दुकानात होतो. गाडी थांबली, मागचं दार उघडलं आणि मी जे बघितलं ते मला अजून बघवत नाही. वहिनींचा आवाज बसून गेला होता. ओरडून ओरडून. हायवे चांगला आहे हो, पण हाडांना काय माहीत चांगला हायवे? पुलाचा सांधा आला, गतिरोधक आला, वळणरस्ता आला, की प्रत्येक वेळी अंगात सुऱ्या. डोमाजी सगळी वाट त्यांच्या डोक्याखाली हात ठेवून बसले होते. तो हात सुजला होता. त्यांनी वहिनींना घरात नेलं.

वहिनींच्या मनात एकच होतं. सिहोऱ्याला जायचं, भावाच्या आंगणात बसायचं. आजार समजल्यापासून त्या हेच म्हणत होत्या. पण त्या प्रवासानंतर त्यांनी स्वतःच ते बोलणं बंद केलं. मी भेटायला गेलो तर म्हणाल्या, "नाई जी भाऊ, आता सिहोरा नोको. मराची भेव नाई मले. रस्त्याची भेव आहे."

डोमाजी दाराशी उभे होते. त्यांनी ते ऐकलं. मी त्यांच्याकडं बघितलं नाही, मला धीर झाला नाही. ज्या माणसाच्या हातून गेलेल्या गाड्यांमधून काचा, मशिनी, कसकसला नाजूक माल धक्का न लागता जातो, त्याच्या बायकोला माहेरी जायला रस्त्याची भीती वाटत होती. तो तिथून निघून वर्कशॉपमध्ये गेला आणि त्या दिवशी आलेल्या दोन्ही गाड्या त्यानं परत पाठवल्या. बघा, राग आणि दुःख आलं की मी त्यांना 'तो' म्हणतो. असो.

दुसऱ्या दिवशी बिसन आला. त्याच्याकडं तेव्हा मशिनी वाहून नेणारी हवेवरची मोठी गाडी होती, उघड्या बॉडीची. डोमाजींनी त्याला विचारलं, "हे गाडी एका दिवसासाठी भेटेल काय?"

"कायले जी?"

"बाईले सिहोऱ्याले न्याचं आहे."

बिसननं मालकाला तिथूनच फोन लावला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण बोलताना त्यानं रुमाल काढला होता. मालक भला माणूस, हो म्हणाला.

आता बघा, रिकामी गाडी उडते. बलून असो की कमानी, वर ओझं नसलं की ती खड्ड्यात आदळते. म्हणून डोमाजींनी आधी बॉडीत वाळूची पोती रचली, अ‍ॅक्सलच्या पुढं आणि बाजूंनी, मध्ये माणूस झोपेल एवढी जागा सोडून. शॉकअप नवे टाकले. गाडी त्या पाणी पाजलेल्या सपाट जमिनीवर उभी केली, हवा पूर्ण भरू दिली, भिंतीवरची कामटी काढली आणि दोन्ही बाजूंनी मोजून दांडा जरा जरा फिरवत राहिले. फिरवायचा, थांबायचं, व्हॉल्वला हवा घेऊ द्यायची, पुन्हा मोजायचं. दुपार गेली. मी दुकान सोडून तिथंच बसलो होतो.

मग ते माझ्याकडं वळले. "टायरवाले, हवा काढा."

जन्मभर मला हवा कमी आहे म्हणून टोचणारा माणूस हवा काढायला सांगत होता! पण बरोबर होतं. पूर्ण मालासाठी भरलेली चाकं एवढ्या ओझ्याला दगडासारखी कडक. मी विचारलं, "किती ठेवू?"

"तुमी सांगा किती. तुमच्यावर आहे जी."

मी प्रत्येक चाकाशी बसलो, ओझ्याला झेपेल तेवढी हवा ठेवली, बाकीची काढली. ते मीटर घेऊन आले नाहीत. मला उगीचच वाटत राहिलं की यावं, भांडावं, काहीतरी बोलावं. ते आलेच नाहीत.

सगळं झाल्यावर डोमाजींनी त्या मोकळ्या जागेत तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, जाड थर पसरला, वर गादी टाकली आणि स्वतः तिच्यावर उताणे झोपले. मला म्हणाले, "तुमी कॅबिनमंधी बसा, मांगच्या खिडकीपाशी. मी सांगतो ते बिसनले सांगा." आणि बिसनला म्हणाले, "पाळीच्या रस्त्यानं ने. सगळ्यात खराब जो असन त्यानं."

तलावाच्या पाळीवरून ती गाडी आम्ही नेली. मागं एक साठीचा माणूस आडवा, डोळे मिटलेले, आणि प्रत्येक खड्ड्याला त्याचा आवाज. "इथं डोकं नोको!" "डावीकून डोलते!" "बिरेक आधीच लाव म्हणा, खड्ड्यात लावू नोको!" मी ते बिसनला सांगायचो. मग गाडी थांबायची, डोमाजी उठायचे, गादी वीतभर मागं सरकवायचे, उशी पायांच्या बाजूला न्यायचे आणि पुन्हा आडवे व्हायचे. परत येऊन डाव्या बाजूचा दांडा थोडा फिरवला. पुन्हा पाळीवर. पुन्हा परत. खाली उतरले तेव्हा कंबर धरून उतरले, केसांत तणस, पाठ सोललेली.

बिसन कळवळून म्हणाला, "मिस्त्री, तुमचेच हाडं मोडतील ना जी."

"मोडू दे. माहे चांगले आहेत."

वहिनींना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या. "मले धानाच्या पोत्यावानी नेता काय जी?"

"पोत्यासाठी मी कधी तनसावर लोळलो काय?" डोमाजी म्हणाले. "चाल. भेव लागली तर थांबवू. अर्ध्यातून वापस येऊ. कोनी काई म्हनणार नाई."

हिवाळ्याची सकाळ होती. आम्ही त्यांना गादीसकट उचलून वर ठेवलं. वरून ताडपत्री, मागची बाजू उघडी, म्हणजे ऊन यायला आणि रस्ता दिसायला. डोमाजी त्यांच्या पायांशी बसले, एक हात फळीवर टेकवून. गाडीच्या पोटावर हात ठेवावा तसा. मी कॅबिनमध्ये, खिडकीपाशी. बिसननं स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला आणि निघाला.

मी आयुष्यात अनेक ड्रायव्हर बघितले. त्या दिवशी बिसननं जशी गाडी चालवली तशी कुणी चालवलेली बघितली नाही. भंडाऱ्यात बाजाराची गर्दी, ऑटो मध्ये घुसतात, मागून एस.टी. हॉर्न वाजवते, हा गडी शिवी न देता, न तापता, गाडी पुढं काढत होता. गतिरोधक आला की जवळजवळ थांबायचा आणि चाक असं चढवायचा की जणू खाली कुणाचा तरी हात आहे. मी सारखा मागं बघत होतो. वहिनींचे डोळे उघडे, मूठ घट्ट. डोमाजींचं लक्ष त्या मुठीकडं. मोहाडीच्या आसपास ती मूठ सुटली.

तुमसर गेल्यावर खिडकीवर टकटक झाली. बिसननं आरशात बघितलं आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. मी काच सरकवली. डोमाजींचा चेहरा अगदी जवळ होता.

"झोपली," ते कुजबुजले. "बिसनले सांगा, झोपली."

औषधानंही जी झोप लागत नव्हती ती रस्त्यावर लागली होती. पुढची सगळी वाट बिसननं एकदाही हॉर्न वाजवला नाही.

सिहोऱ्याला हेमराजच्या घरासमोर गाडी थांबली. सगळं घर दारात उभं. हेमराज पुढं धावला तर डोमाजींनी वरूनच हात करून त्याला थांबवलं. बिसन इंजिन बंद करायला गेला, तर खिडकीतून आवाज, "बंद नोको करू." इंजिन बंद केलं की हवा उतरते आणि गाडी खाली बसते. लगेच बसत नाही, तासन् तास लागतात, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. पण कोण बोलणार? गाडी सुरूच राहिली. भाऊ, भावजय, शेजारपाजारच्या बायका, सगळे त्या घुरघुरणाऱ्या गाडीभोवती उन्हात गुपचूप उभे राहिले आणि आत एक बाई झोपली होती.

वहिनी आपणच जाग्या झाल्या. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, भावाचं कवेलूचं छप्पर दिसलं.

"आलं काय जी सिहोरा?"

"आलं."

"रस्ता नवा केला वाटते."

डोमाजींनी त्यांच्या अंगावरची चादर नीट केली. मग म्हणाले, "हाव. आताच केला."

बिसन गाडीच्या पुढं जाऊन चाकाशी बसला. बसून चाकाचे नट बघायला लागला. नटांना काय झालं होतं? काही नाही.

वहिनी त्यानंतर थोडेच दिवस राहिल्या, पण आंगणात राहिल्या. सकाळी खाट उन्हात यायची. नव्या तांदळाची पेज चार घोट घ्यायच्या, भावाशी लहानपणच्या गोष्टी काढून भांडायच्या. डोमाजी तिथंच थांबले होते. एका दुपारी खाटेवरच त्या गेल्या. मला निरोप आला तेव्हा मी एका ट्रकचं चाक खोलत होतो. ते तसंच टाकून मी पहिली एस.टी. धरली.

डोमाजी नंतर लाखनीला परत आले, शटर उघडलं, काम केलं. पुढं चांगली काही वर्षं केलं. धानकापणी झाली की जमिनीवर पाणी सोडलं, माझी चाकं पुन्हा तपासली, माझ्याशी भांडले. चहा आता आम्ही टपरीवरून मागवायचो. लोकांना वाटायचं, मिस्त्री सावरले. मीही तसंच म्हणायचो, विचारणाऱ्याला अजून काय सांगणार? पण डोमाजी म्हटलं की मला ते शटर, ती कामटी, ते भांडण आठवत नाही. मला ती तेरवीनंतरची परतीची वाट आठवते.

बिसन तेराव्याला सिहोऱ्यात तीच गाडी घेऊन आला होता, तिकडं कुठं माल उतरवून. गाडी रिकामी होती. वाळूची पोती नव्हती, तणस नव्हतं, ताडपत्री नव्हती, बॉडी झाडून साफ केलेली. मी डोमाजींना म्हटलं, "कॅबिनमध्ये बसा." ते म्हणाले, "मांगं बसतो," आणि आपली पिशवी घेऊन मागं चढले. मी आग्रह केला नाही. मी बिसनशेजारी, पुन्हा त्याच खिडकीपाशी.

सिहोरा सुटलं आणि खराब रस्ता लागला. बिसन हळू चालला होता. प्रत्येक खड्ड्याआधी ब्रेक, मग चाक हळूच खाली, हळूच वर. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत पुढं निघून गेला, एका मोटारसायकलवाल्यानं वळून बघितलं. एवढी मोठी रिकामी गाडी आणि बैलगाडीच्या चालीनं!

खिडकीवर टकटक झाली. मी काच सरकवली.

"बिसन," डोमाजी म्हणाले, "कायले एवढा जपून चालवून राह्यला गा? आता मांगं कोन आहे?"

बिसननं समोरून नजर काढली नाही.

"तुमी आहा ना जी," तो म्हणाला.

काच तशीच उघडी होती. डोमाजी मागं सरकले, पिशवी डोक्याखाली घेतली आणि त्या उघड्या फळ्यांवर आडवे झाले. मी बघत होतो तोवर त्यांनी डोळे मिटले नव्हते. वर आभाळाकडं बघत होते आणि कानशिलावरून पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. पुढं मोठा खड्डा होता. बिसननं गाडी पहिल्या गिअरवर घेतली.